युद्धविरोधी गाणं ऐकणाऱ्याला नेमकं कशानं वळवतं? ६ ऑगस्टसाठी सल्ला हवा

रामबागकर

६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनानिमित्त, इंदुरात तासाभराचा गाण्यांचा कार्यक्रम ठरतोय. दीडशे खुर्च्यांचं सभागृह. गाणारे अकरा, त्यांत गाणं शिकलेले तीन. साथीला पेटी, ढोलकी, डफ आणि झांज. निम्मे श्रोते मराठी घरांतले, बाकीचे हिंदी-माळवी बोलणारे. महूची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे फौजी कुटुंबंही येतील आणि त्यांचा अवमान होता कामा नये.

समूहानं म्हणायचं मुख्य गाणं असं लिहिलंय:

नको नको हा युद्धाचा वणवा
मानवतेचा दीप जपावा
द्वेष सोडुनी शांती धरावी
बंधुत्वाची ज्योत पेटवावी

अशी सहा कडवी आहेत. चाल केरव्यात, लय १२०. सगळे पाठ म्हणतात, सुरात म्हणतात, तरी गाणं अंगावरून जातं. दोघांचं म्हणणं, पोवाडाच करावा. जगात ज्या युद्धविरोधी गाण्यांनी लोकांना हलवलं त्यांत काय युक्त्या होत्या आणि त्यांतल्या कुठल्या मराठीत चालतील, हे जाणकारांनी सांगावं.

जात्यावरची

तुमच्या चार ओळींत एकही माणूस नाही. वणवा आहे, दीप आहे, ज्योत आहे. आई नाही, पत्र नाही, चप्पल नाही. 'मानवता', 'शांती', 'बंधुत्व' या शब्दांना नाही म्हणणारा कोणीच नसतो. युद्धाची घोषणा करणाराही हेच शब्द वापरतो. ज्याला कोणीच नकार देत नाही, ते कोणाला पटवूनही देता येत नाही. शिवाय पुढच्या तीनही ओळी 'असं करावं' सांगणाऱ्या आहेत: जपावा, धरावी, पेटवावी. अशा चोवीस ओळी ऐकणारा माणूस मान डोलावतो आणि मनातून उठून जातो.

सर्ज डेनिसॉफ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं निषेधगीतांचे दोन प्रकार पाडले. एक ओढून घेणारं: बाहेरच्याला आपल्यात आणायचं, आतल्याला घट्ट करायचं. दुसरं मांडणारं: अन्याय दाखवायचा, उपाय सांगायचा नाही. तुमचे श्रोते मिश्र आहेत, त्यामुळे पहिल्या प्रकाराची ओढ आणि दुसऱ्याचा संयम दोन्ही लागतील.

मराठीत उतरतील अशा युक्त्या सांगते.

पहिली, प्रश्न. बॉब डिलनच्या १९६३ साली गाजलेल्या 'ब्लोइन इन द विंड'मध्ये तीन कडवी आहेत आणि प्रत्येकात तीन प्रश्न, म्हणजे एकूण नऊ. उत्तर मात्र कुठेच उलगडून सांगितलेलं नाही. प्रश्न ऐकला की डोकं आपोआप उत्तर शोधतं, आणि स्वतः शोधलेलं उत्तर माणूस सहसा नाकारत नाही. त्याची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामगिरीविरोधातल्या जुन्या गीतावर बेतलेली आहे. ओळखीची चाल असली की ऐकणारा सावध होण्याआधीच शब्द आत शिरलेले असतात.

दुसरी, साखळी. पीट सीगरनं १९५५ मध्ये 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन' लिहिलं तेव्हा त्याची तीनच कडवी होती. पुढची दोन जो हिकरसननं १९६० मध्ये जोडली आणि वर्तुळ पुरं झालं. फुलं मुलींकडे, मुली तरुणांकडे, तरुण सैन्यात, सैनिक थडग्यांत, थडग्यांवर पुन्हा फुलं. कडव्यागणिक एखाददुसरा शब्द बदलतो, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून अनोळखी माणूसही म्हणू लागतो. ही रचना आपल्याला परकी नाही. भोंडल्यातलं 'कारल्याचा वेल' असंच एकेक पाऊल पुढे सरकतं आणि माहेर लांबत जातं.

तिसरी, बोलणारा नीट निवडणं. नाझिम हिकमत या तुर्की कवीच्या कवितेत हिरोशिमात मेलेली सात वर्षांची मुलगी दारोदार जाते आणि स्वतःसाठी काहीच मागत नाही. त्या कवितेची गाणी झाली, आणि तुमच्या दिवसाशी तिचा थेट संबंध आहे. बोरिस व्हियाँचं १९५४चं फ्रेंच 'ल देझेर्तर' म्हणजे राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र. त्याच्या मूळ शेवटी सैन्यातून पळणारा सांगतो की माझ्याकडे हत्यार आहे आणि मला नेम धरता येतो. नंतर शेवट फिरवला: माझ्याकडे हत्यार नसेल, त्यांनी खुशाल गोळी घालावी. शेवटच्या दोन ओळींच्या बदलानं धमकी देणारा माणूस साक्षीदार झाला.

फौजी घरांबद्दल तुम्ही विचारलंत ते महत्त्वाचं आहे. मख्दूम मोहिउद्दीनची 'सिपाही' कविता दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पुढे सलील चौधरींच्या संगीतात १९६०च्या 'उसने कहा था' चित्रपटात आली. ती निघालेल्या शिपायाला दोष देत नाही. तो कुठे निघालाय एवढंच विचारते. शिपाई आणि युद्ध वेगळे ठेवायचे. बोट दाखवायचंच तर निर्णयाकडे दाखवा, वर्दीकडे नको.

चौथी, उपहास. हा तुमच्या कार्यक्रमात टाळा. उपहास कळायला श्रोत्यानं आधीच तुमच्या बाजूचं असावं लागतं. मागच्या रांगेतला माणूस तो सरळ अर्थानं घेतो, आणि मुलगा सीमेवर असलेल्या आईला तो जिव्हारी लागतो.

पोवाडा करू नका. तो साचाच शौर्य गाण्यासाठी घडलाय. शाहिराची वरची पट्टी, डफाची थाप, मागून 'जी जी रं जी' आलं की मुठी आवळल्या जातात. शब्द म्हणतील युद्ध नको आणि अंग म्हणेल तलवार द्या. अशा वेळी अंगच जिंकतं.

पेटी काळी एक

शब्दांचं ताईंनी सांगितलंय, मी चालीचं सांगतो. तुमचा दोष मला पहिल्याच ओळीत दिसला: केरवा, लय १२०. फौजी संचलनातलं जलद पाऊल मिनिटाला साधारण एवढंच पडतं. तुम्ही शांतीचे शब्द कवायतीच्या पावलावर बसवलेत, त्यावर ढोलकी आणि झांज. प्रेक्षक टाळ्या देतील, पण त्या ठेक्याला देतील.

ध्रुवपद ७६ ते ८० च्या लयीत घ्या, भजनी ठेक्यात. पाळण्यासारखं झुलणं हवं असेल तर दादरा चालेल. पण कडवं एका तालात आणि ध्रुवपद दुसऱ्या तालात असा हट्ट अकरातल्या आठ न शिकलेल्यांना झेपणार नाही. दर बदलाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघे लवकर आणि तिघे उशिरा येतील.

स्वरांचा पल्ला सात स्वरांपेक्षा जास्त नको. मंद्र (खालच्या सप्तकातला) नी ते मध्य (मधल्या सप्तकातला) ध एवढ्यात बसवा आणि पेटीच्या पांढरी चार या पट्टीवर सा धरा. बाया मूळ जागी आणि पुरुष खालच्या सप्तकात, दोघांनाही सोयीचं पडतं. बायकांना सवयीची म्हणून काळी चार घेतलीत तर ध्रुवपदाच्या वरच्या धैवताला पुरुषांचा गळा ताणला जाईल. गळा ताणला की आवाज चढतो, आवाज चढला की गाणं भांडायला लागतं. काळी एकवर उलट होतं: बायका खर्जाजवळ जातात आणि समूहातला त्यांचाच आवाज हरवतो.

ध्रुवपदाचे शब्द सात-आठ, दर वेळी तेच. शेवटचा स्वर आ किंवा ओ असावा, तो लांबवता येतो. ई-ऊवर लांबवलं की आवाज चिरका होतो. जोडाक्षरं कमी ठेवा. 'बंधुत्वाची' हा शब्द अकरा तोंडांतून अकरा वेगवेगळ्या क्षणी बाहेर पडेल.

आणखी एक. आता कोणीतरी मोबाइलवर तीस सेकंद टिपणार आणि तेवढंच फिरणार, म्हणून ध्रुवपदाला एकट्यालाच अर्थ पेलता आला पाहिजे. स्प्रिंगस्टीनचं १९८४चं 'बॉर्न इन द यूएसए' हे याचं मोठं उदाहरण. कडव्यांत व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या माणसाची परवड आहे. ध्रुवपद मात्र छाती फुगवल्यासारखं ऐकू येतं. त्याच वर्षीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी भाषणात या गायकाचं नाव अभिमानानं घेतलं. लोकांनी कडवी ऐकलीच नव्हती.

डफवाला

ताई, पोवाड्याबद्दल तुमच्याशी अर्धाच सहमत. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा बघा, तो महायुद्धाच्या ऐन काळातला आणि फॅसिझमविरुद्ध लढा म्हणून सांगणारा. पोवाडा बाजू घ्यायला लावतो, हे खरंच. म्हणून 'सगळं युद्धच नको' म्हणायला तो अवघड जातो. पण त्यात दोन जागा अशा आहेत की तिथून तो उलटवता येतो.

एक म्हणजे दोन चौकांमधलं, पोवाड्याच्या दोन भागांमधलं, गद्य. शाहीर डफ थांबवून साध्या आवाजात बोलतो, ती जागा. तिथे एक आकडा आणि एक वस्तू सांगायची, बस. हिरोशिमावर बॉम्ब पडला सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी. त्याच वेळेला थांबलेली घड्याळं तिथल्या संग्रहालयात आहेत. हे गायचं नाही, बोलायचं. चालीवर चढवलेला आकडा विरून जातो.

दुसरी जागा झील. झिलकरी, म्हणजे शाहिरामागे साथीला गाणारे, दर ओळीला होकार देतात, 'जी जी' म्हणजे हो हो. शेवटच्या चौकात त्यांनी होकार देणं थांबवायचं. शाहीर ओळ टाकतो, मागून काहीच येत नाही. पोवाडा माहीत असलेल्या माणसाला ती रिकामी जागा टोचते. त्यासाठी आधीचे तीन चौक मात्र पक्के वाजले पाहिजेत. झील मुळातच ढिली असेल तर लोकांना वाटेल, पोरं विसरली.

तरी हे तुमच्या मुख्य गाण्यासाठी नको. कार्यक्रमाच्या मध्यावर सहा मिनिटांचा एक तुकडा म्हणून ठेवा. याला निदान दोन झिलकरी पक्क्या आवाजाचे लागतात आणि तुमच्याकडे शिकलेले गळेच तीन.

चालू घडामोडीतल्या कुठल्या युद्धाचं नाव घ्यायचं का, हा प्रश्नही येईलच. नाव घेतलं की धार येते आणि आयुष्य कमी होतं. न घेता सांगायचं तर नाथांचं भारुड आहेच: विंचू चावला म्हणायचं आणि काम-क्रोधाबद्दल बोलायचं. सीगरनं १९६७ मध्ये एका गाण्यात हेच केलं. १९४२च्या कवायतीत नदी पार करायचा हट्ट धरून बुडणाऱ्या कॅप्टनची गोष्ट सांगितली आणि अगदी शेवटी आजच्या वर्तमानपत्रांकडे वळला. व्हिएतनामचं नाव नव्हतं, तरी दूरचित्रवाणीवाल्यांना कळलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी ते कापलं. पुढच्या वर्षी ते प्रसारित झालं.

ऑगस्टच्या दमट हवेत कातडी डफ उतरतो. वाजवायच्या आधी दहा मिनिटं शेगडीपासून हातभर लांब धरून फिरवत शेकवा. एकाच जागी धरलात तर कातडं कडेला फाटतं. सभागृहात शेगडी चालणार नसेल तर तारेच्या जुन्या पिवळ्या दिव्याची उब पुरते.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं गाणं बाजूला ठेवलं. पानिपताच्या सांकेतिक निरोपावरून एक सुचलंय: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. १७६१च्या जानेवारीत पेशव्यांना तो माळव्यातच, भेलशाच्या बाजूला मिळाला, म्हणजे आपल्या भागातलाच. ध्रुवपद असं धरलंय:

मोती गळाले, मोहरा हरवल्या
खुर्द्याची गणती कुणी केली?

कडव्यांसाठी ताईंचं नाव पाहून ओवी डोक्यात आली, पण ओवीला समूहात कसं बसवायचं?

जात्यावरची

हे फार चांगलं सापडलंय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार. त्यांची मोजदाद झाली, नावं राहिली. खुर्दा म्हणजे बाकी सगळे: भालदार, बाजारबुणगे, तट्टूवाले. तुमचं अख्खं गाणं त्या एका शब्दात आहे आणि ते मराठी माणसाला शाळेपासून माहीत आहे. नवीन मत ऐकवत नाही आहात, ठाऊक असलेल्या वाक्याकडे दुसऱ्या बाजूनं बघायला लावताय. अशानं कोणी दुखावत नाही.

दोन दुरुस्त्या. 'खुर्द्याची' समूहात अडखळेल, आणि हिंदी श्रोत्याला कळणार नाही. तो शब्द निवेदनात ठेवा, गाण्याआधी दोन वाक्यांत निरोप सांगून टाका. ध्रुवपदात 'आमची' आणा. म्हणजे गाताना दीडशे माणसं स्वतःच खुर्दा होतात:

मोती मोजले, मोहरा मोजल्या
आमची गणती कोण करील हो?

शेवट ओकारावर आला, पेटीवाल्या काकांची अटही पाळली गेली. दर दुसऱ्या वेळी दुसरी ओळ हिंदीत घ्या: 'हमारी गिनती कौन करे हो'. वजन जवळपास सारखंच आहे.

ओवीचं म्हणाल तर 'पहिली माझी ओवी' ही मोजणीचीच रचना आहे. ध्रुवपद गणती विचारतंय आणि कडवी गणती करतायत. ओवी एकीनंच म्हणायची, समूहानं नाही. जात्यावर बसलेली बाई एकटीच असते किंवा दोघी. कच्चा खर्डा देते, हवा तसा बदला:

पहिली माझी ओवी गं, पहिल्या पत्राला
पोचलो सुखरूप, लिहितो आईला

दुसरी माझी ओवी गं, दुसऱ्या पत्राला
बर्फ पडतो म्हणे, मोजे धाड मला

तिसरी माझी ओवी गं, तिसऱ्या पत्राला
दिवाळीला येतो, सांग धाकटीला

चौथी माझी ओवी गं, कुठल्या पत्राला
दारी थांबली गाडी, हात थांबलेला

यात युद्ध हा शब्द नाही, शत्रू नाही, रक्त नाही. मोजे आहेत. 'मेला' असंही म्हटलेलं नाही. गाडी कुणाची ते महूच्या घरांना सांगावं लागत नाही. तिसऱ्या ओवीपर्यंत ऐकणाऱ्याला साचा कळलेला असतो, तो चौथ्या पत्राची वाट बघतो. 'कुठल्या' या एका शब्दावर साचा मोडतो. पाचवी ओवी लिहायचा मोह होईल, त्यात आई शांतीचा संदेश देईल असं वाटेल. लिहू नका. तिथे गाणं पुन्हा तुमच्या पहिल्या मसुद्यात जाऊन पडतं.

शिपाई या चारही ओव्यांत भला मुलगा आहे, म्हणून फौजी घरांचा अवमान होत नाही. तालमीत मात्र फौजी घरातल्या एखाद्या बाईला आधी ऐकवा आणि ती जो शब्द खटकतो म्हणेल तो काढा.

पेटी काळी एक

मांडणी अशी करा. सुरुवातीला ध्रुवपद दोनदा: पहिल्यांदा तिघे शिकलेले, दुसऱ्यांदा अकरा जण. मग ओवी तालाशिवाय, पेटीवर फक्त षड्ज-पंचम धरलेला, ढोलकी बंद. ओवीची चाल सा ते प या पाच स्वरांतच राहू द्या, ध्रुवपद वर धैवतापर्यंत जाईल. म्हणजे एकटा आवाज खाली आणि समूह वर, हा फरक न सांगता ऐकू येतो. ओवी मुक्त आणि ध्रुवपद भजनीत असल्यानं तालबदलाची अडचणही उरत नाही. ओवी संपली की ढोलकीनं चार मात्रांचा उठाव द्यायचा, सगळे समेवर येतील.

पहिल्या तीन ओव्यांनंतर ध्रुवपद एकेकदा. दुसऱ्या ओवीनंतर श्रोत्यांना हातानं खूण करा, तोंडी सूचना नको. ओवी साधारण वीस सेकंदांची आणि ध्रुवपद ८०च्या लयीत बत्तीस मात्रांचं, म्हणजे चोवीस सेकंदांचं. सगळं मिळून चार मिनिटांच्या आसपास.

चौथ्या ओवीनंतर ढोलकीचा उठाव नाही. पेटीचा भाताही सोडायचा, आठ सेकंद पूर्ण शांत. इथे हमखास काय बिघडतं तर ढोलकीवाला सवयीनं थाप देतो, किंवा कोणीतरी टाळी वाजवतो आणि सगळे वाजवतात. ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवायचे, गाणाऱ्यांनी मान वर करायची नाही. गाणारे बघत असले की श्रोत्यांना टाळीची वेळ झाली असं वाटतं. मग ओवी म्हणणारीनंच ध्रुवपद धरायचं, एकटीनं, साथीशिवाय, लय साठपर्यंत उतरवून. बाकीचे दुसऱ्या ओळीला मिळतील. त्या रात्री श्रोतेही मिळाले तर शेवट लांबवू नका, 'हो'वर एकदाच थांबा.

आठ सेकंद तालमीत घड्याळ लावून करा. न मोजता केले तर तीनच होतात.

डफवाला

आणि या गाण्यात डफ-झांज दोन्ही खाली ठेवा. माझा तुकडा याच्या आधी घ्या, नंतर नको. चौथ्या ओवीनंतर डफ ऐकवत नाही.